बोलावण्याआधीचे दिवस

खोंड बडवून त्याचा बैल करायचा असला की नवरा जनावराच्या मागच्या अंगाला असायचा आणि ती तोंडाशी. पाय दोराने आवळून जनावर कुशीवर पाडलं की बाकीचे दोघे-तिघे दोर धरायचे. ती मानेवर गुडघा टेकायची, एक हात शिंगाच्या बुडाशी आणि दुसरा डोळ्यावर ठेवायची आणि त्याच्या कानात बोलत राहायची. काय बोलायची ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. "झालं हं राजा, झालं, आता उठायचं, पाणी प्यायचं," असलंच काहीतरी. मागे नवऱ्याच्या हातातला हातभर लांब लोखंडी चिमटा मिटायचा आणि तो मनात तीसपर्यंत मोजायचा. कातडी फुटायची नाही, रक्ताचा थेंब यायचा नाही. आतली शीर तेवढी चिरडली जायची. आधी डावीकडे, मग बोटभर खाली सरकून उजवीकडे. तेवढा वेळ तिच्या गुडघ्याखालचं अंग दगडासारखं ताठ असायचं आणि मग एकदम ढिलं पडायचं. ते ढिलं पडणं तिला आधी कळायचं. "सोडा," ती म्हणायची, आणि दोर सुटायचे.

या कामावरूनच घराला नाव पडलं होतं. नवरा चिमटेवाला, ती चिमटेवालीण, आणि सासू चिमटेवाल्याची आई. सासऱ्यांचं हेच काम, त्यांच्या वडिलांचंही हेच. पिकं निघून थंडी पडली, माशा कमी झाल्या की काम सुरू व्हायचं ते ऊन तापेपर्यंत. त्या चार-साडेचार महिन्यांत वर्षाचं धान्य घरात यायचं. उरलेलं वर्ष कुणाच्या ना कुणाच्या शेतात.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पहिल्या चार वर्षांत दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. पुढे काहीच नाही. दवाखान्यातल्या बाईंनी दोघांना तपासलं आणि सांगितलं की दोष काही दिसत नाही. लोकांना मात्र तो चिमट्यात बरोबर दिसत होता. तोंडावर कुणी बोलत नसे, कारण प्रत्येकाच्या गोठ्यात आज ना उद्या खोंड मोठा होणारच असतो.

त्या वर्षी पाऊस कमी झाला, तळं लवकर आटलं, आणि थंडीच्या पहिल्याच कामाला ही दोघं एका मोठ्या घरी गेली. काम आटोपल्यावर ती हात धुवायला मागच्या दाराशी गेली. त्या घरची सून तिथे डाळ निवडत बसली होती. सात महिने तरी भरले असतील. तिला पाहून ती पोरगी हसली आणि तांब्या आणायला उठली. तेवढ्यात आतून तिची सासू लगबगीने बाहेर आली.

"तू आत हो. पाणी मी देते. आणि पदर घे आधी पोटावरून."

पोरगी गोंधळून आत गेली. सासूने तांब्या पुढे केला आणि चिमटेवालिणीकडे बघून हसली. "उन्हात बसू नये अशा दिवसांत, म्हणून म्हटलं."

ऊन नव्हतंच. सकाळपासून आभाळ भरून होतं.

परतीच्या वाटेवर नवरा खांद्यावर चिमटा टाकून पुढे चालला होता. ती मागून म्हणाली, "अहो, गुरुजींकडे जाऊन येऊ या."

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. येत नाही म्हणून जायचंय."

गुरुजी देवळामागच्या दोन खोल्यांत एकटे राहत. दम्याने सारखे खोकत. चष्म्याची एक काडी तुटली होती, तिथे दोरा बांधून त्यांनी तो कानाभोवती गुंडाळला होता. यांचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"मूल झाल्यावर लोक मला बोलावतात," ते म्हणाले. "नाव ठेवायला, जावळाला. खरं तर पहिला संस्कार त्याच्या कितीतरी आधीचा आहे. मूल पोटात येण्याच्याही आधीचा. गर्भाधान म्हणतात त्याला. आजकाल तो कुणी विचारत नाही, आणि मलाही आपणहून सांगायला लाज वाटते."

नवरा जमिनीकडे बघत होता. तिनेच विचारलं, "म्हणजे करायचं काय?"

"पाहुणा यायचा असला की आपण घर झाडतो ना? इथे घर म्हणजे तुम्ही दोघं."

मग त्यांनी खोकत-थांबत सांगितलं. शंभर दिवस अंथरुणं वेगळी, आणि पंचांग बघून त्यांनी धरून दिलेल्या शंभराव्या रात्री एकत्र. उजाडायच्या आत अंघोळ. शिळं, तिखट, जळजळीत काही नाही. जमेल तेवढं दूध-तूप, साधा भात, फळ मिळालं तर फळ. दिवेलागणीला दोघांनी दिव्यासमोर बसायचं, त्यांनी लिहून दिलेल्या चार ओळी म्हणायच्या. त्या ओळींत येणाऱ्या जिवाला बोलावणं आहे, म्हणून अर्थ समजून म्हणायच्या. त्यानंतर थोडा वेळ गप्प बसायचं आणि दिवसभरात मनात काय आलं ते एकमेकांना सांगायचं. रागावून झोपायचं नाही. एकमेकांपासून काही लपवायचं नाही.

"हे शेवटचं अवघड आहे," गुरुजी म्हणाले. "उपास त्या मानाने सोपा."

"आणि याने मूल होईल?" नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"होईल असं म्हणालो तर ते खोटं होईल. आलं तर त्याला झाडलेलं घर मिळेल, एवढं सांगतो."

ती उठता उठता थांबली. "आणि चिमटा?"

गुरुजींना खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत दोघं उभीच राहिली.

"चिमट्याबद्दल माझ्या पोथीत काही नाही," ते शेवटी म्हणाले. मग नवऱ्याकडे वळले. "काम करताना जनावराचा राग येतो का तुम्हाला?"

"राग कशाला? त्याने माझं काय केलंय?"

"मग तुमचं तुम्ही ठरवा. मनाला टोचत असेल तर शंभर दिवस ठेवून द्या."

"टोचतं," ती म्हणाली.

नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत हा शब्द त्याने तिच्या तोंडून ऐकला नव्हता. घरी आल्यावर त्याने चिमट्याचे सांधे पुसले, त्यांना तेल लावलं, फडक्यात गुंडाळून चिमटा आढ्याच्या खुंटीला टांगला आणि हात धुतले.

सासूला कमी ऐकू यायचं. तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तयारी करायला वेळ कुठे होता? अंधार पडला की झोप, एवढंच ठाऊक." पण दुसऱ्या दिवसापासून तिनेच चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायला घेतली आणि सुनेच्या भातावर स्वतःच्या वाटचं तूप घालू लागली.

हंगामातच काम थांबलं होतं. माणसं दारात यायची, "सध्या नाही" ऐकून परत जायची. तळ्यातला गाळ काढण्याचं काम सुरू होतं, तिथे दोघं मजुरीला लागली. नवरा कुदळीने गाळ तोडायचा, ती पाटी डोक्यावर घेऊन बांधावर टाकायची. गाळ वरून वाळलेला आणि खाली चिकट असायचा. पाटी उपडी केली तरी निम्मा तळाला धरून राहायचा. संध्याकाळपर्यंत मान दगड व्हायची. तिचं एक वेळ ठीक होतं, पण नवऱ्याची तिथे शोभा व्हायची. ज्याच्या बोटांना कातडीवरून आतली शीर सापडते त्या माणसाला कुदळ काही धड चालवता येईना. पहिल्या आठवड्यातच तळहात सोलले.

"काय चिमटेवाले," मुकादम काठावरून ओरडायचा, "तीसपर्यंत मोजताय वाटतं एकेका घावाला?"

सगळे हसायचे. कुणीतरी म्हणायचं, "गावातले खोंड खूश आहेत यंदा. नवस फेडायला येणार आहेत यांच्या दारात." नवराही हसल्यासारखं करायचा आणि पुन्हा कुदळ उचलायचा. ती पाटी घेऊन चालू लागायची, कारण डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही आणि कुणाकडे बघावं लागत नाही.

पण संध्याकाळी दिव्यासमोर काहीतरी वेगळंच घडत होतं. पहिले काही दिवस नवऱ्याला त्या चार ओळी म्हणता येईनात. जीभ अडखळायची, मग तो शेवटचा शब्द तेवढा तिच्याबरोबर मोठ्याने म्हणून वेळ मारून न्यायचा. गप्प बसायच्या वेळी तर सरळ घोरायचा. ती कोपराने ढोसायची. "ध्यान लागलं होतं," तो म्हणायचा.

"ध्यानात लाळ गळत नाही," ती म्हणायची.

मग हळूहळू तो बोलू लागला. लग्न झाल्यापासून तो तिच्याशी दोराबद्दल, दाण्याबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलला होता. आता म्हणाला की चौदाव्या वर्षी वडिलांनी पहिल्यांदा हातात चिमटा दिला तेव्हा त्याला उलटी झाली होती, आणि वडिलांनी ते कुणाला कळू दिलं नाही. स्वतःच म्हणाले, मला मळमळतंय. एकदा म्हणाला की दोनदा पोट पडलं तेव्हा तो गोठ्यामागे जाऊन रडला होता. "मला वाटलं, तुम्हाला काही वाटलंच नाही," ती म्हणाली. "तू रडत होतीस," तो म्हणाला. "दोघं रडलो असतो तर आईला चूल कोण पेटवून देणार होतं?"

अंथरुणं वेगळी होती. तो ओट्यावर, ती आत. पण इतकी जवळ ती दोघं आधी कधी नव्हती. पाटी वाहताना तिला कधी कधी वाटायचं, मूल आलं नाही तरी हे दिवस वाया जाणार नाहीत. मग ती घाईने तो विचार झटकायची. आपणच अपशकुन करतोय असं वाटायचं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी तिला थोडा ताप होता म्हणून ती घरी राहिली. दुपारी दारात घाणेवाली मावशी येऊन उभी राहिली. मावशी म्हणजे एकटी बाई. नवरा वारल्यापासून बारा वर्षं तेलाचा घाणा तिनेच चालवला होता. घाण्याचा म्हातारा बैल महिन्यापूर्वी बसला तो उठलाच नाही. घरचाच एक खोंड होता, अंगाने भरलेला, पण जोखडाला उभा राहत नव्हता. आदल्या दिवशी त्याने मावशीला भिंतीशी दाबलं होतं. तिने पदर सरकवून खांद्यावरचा काळानिळा डाग दाखवला.

"तुमचं काहीतरी चाललंय म्हणे," मावशी म्हणाली. "गाव काय काय बोलतं, मी विचारत नाही. पण माझं एवढं एक काम करायला सांग त्याला."

तिने दाराची चौकट धरली होती. अंग कणकणत होतं. तिच्या मनात आलं, अठ्ठावन्न रेघा झाल्या आहेत. यांना सांगितलं तर हे लगेच निघतील, मावशीला नाही म्हणणार नाहीत. आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"ते आता करत नाहीत हे काम," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे. काही दिवस बंद आहे म्हणतात. किती दिवस?"

"काही दिवस नाही, मावशी. कायमचं सोडलंय त्यांनी. कुणालाही विचारायला येऊ देऊ नको, असं सांगितलंय मला."

शब्द इतके सहज आले की तिचं तिलाच नवल वाटलं. मावशीने पदर पुन्हा खांद्यावर घेतला. मग "बरं" म्हणाली आणि खांदा सांभाळत निघून गेली.

संध्याकाळी दिव्यासमोर नवऱ्याने विचारलं, "आज मनात काय आलं?"

"काही नाही," ती म्हणाली. "ताप होता ना, झोपूनच होते."

पुढच्या आठवड्यात रोज तिने काहीतरी सांगितलं. पाटीचा काठ तुटलाय, सासूची नजर कमी होतेय, मुकादमाच्या बायकोने नवी बांगडी केली. एकही गोष्ट खोटी नव्हती.

अडुसष्टाव्या दिवशी तळ्यावर बातमी आली. घाणेवालीच्या भाच्याने खोंड घरीच बडवला. दोन दांडक्यांत सगळं एकदमच दाबून वरून दगडाने ठेचलं. आता जनावर चार दिवस आडवं पडलंय आणि बोळात उभं राहवत नाही इतका वास येतो.

नवऱ्याने कुदळ खाली ठेवली. "असं कुणी करतं का? वरची कातडी मरते सगळी." मग हातांवरचा गाळ खरवडत तो म्हणाला, "एका शब्दाने विचारलंसुद्धा नाही मावशीने मला. लहानपणी तिच्या घाण्यावर बसून पेंड खाल्लीय मी."

ती पाटी घेऊन चालू लागली. बांधावर पोचल्यावर पाटी रिकामी करायचं विसरून तशीच परत आली, आणि बायका हसल्या.

त्या संध्याकाळी चार ओळी म्हणून झाल्या. गप्प बसायची वेळ झाली. वात तडतडली, तशी ती म्हणाली, "मावशी आली होती."

"कधी?"

"दहा दिवस झाले. मला ताप होता त्या दिवशी."

"आणि?"

"तुम्ही काम कायमचं सोडलंय, असं सांगितलं मी. कुणी विचारायलाही येऊ नये असं तुम्हीच म्हणालात, असंही सांगितलं."

तो तिच्याकडे बघत नव्हता, दिव्याकडे बघत होता. "दहा दिवस," तो म्हणाला. "दहा दिवस माझ्या शेजारी बसून तू या ओळी म्हणत होतीस."

त्याने आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला आणि ओट्यावर जाऊन बसला. ताट वाढलं, त्याला हात लावला नाही. सासूने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." मग स्वतःचीच चीड येऊन ती ओरडली, "मी खोटं बोलले, आई!" म्हातारीला पहिल्याच खेपेला ऐकू आलं. तिने फक्त चुलीतली लाकडं मागे ओढली आणि भाताचं भांडं झाकून ठेवलं. गुरुजींनी सांगितलेलं जे जे काही होतं ते त्या एका संध्याकाळी मोडलं.

सकाळी ती अंघोळ करून आली तेव्हा नवरा आढ्याला टांगलेली पिशवी उतरवत होता. ती चिमट्याशेजारची पिशवी होती, पाती, सुई, दोरा यांची. त्याने पातं कानसीवर घासलं, उकळत्या पाण्यात टाकलं, हळद आणि जुनी धुतलेली फडकी बांधून घेतली.

"मी येऊ?" तिने दारातून विचारलं.

"तोंडाशी कोण बसणार मग?" तो म्हणाला. आवाजात अजून राग होता.

घाण्याची खोली अंधारी होती. मधोमध तेल पिऊन काळं झालेलं उखळ, त्यात तिरका उभा जाड लाकडी खांब, म्हणजे लाट, आणि भोवती वर्षानुवर्षांच्या खुरांनी खोल गेलेली गोल वाट. त्या वाटेवरच खोंड पडला होता. डोळे अर्धवट मिटलेले, नाकपुड्या कोरड्या. मागच्या पायांमध्ये घागरीएवढी सूज होती आणि तिच्यावर माशांचा थर. भाचा पळून गेला होता. मावशी एका फडक्याने माशा हाकत होती.

"आता कशाला आलात?" ती म्हणाली. "सोडलंय ना तुम्ही?"

"सोडलं नव्हतं, मावशी," नवरा म्हणाला. "थांबलो होतो."

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "यांना ठाऊकच नव्हतं तुम्ही आलात ते."

मावशीचा हात थांबला. "का गं?"

"मूल व्हावं म्हणून नेम धरलाय. तो मोडेल असं वाटलं."

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग खोंडाकडे पाहिलं. आणि पुन्हा माशा हाकू लागली. चिमटेवालिणीला वाटलं, तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवऱ्याने हात फिरवून पाहिलं. मेलेली कातडी, आतलं सडलेलं, सगळंच काढावं लागणार होतं. जनावरांचा डॉक्टर दूरच्या गावाहून आठवड्यातून एकदा यायचा. त्याला निरोप धाडला, पण तोवर थांबण्यात अर्थ नव्हता. तिने मानेवर गुडघा टेकला, एक हात डोळ्यावर ठेवला आणि कानाशी वाकली. नेहमीचे शब्द तोंडात येईनात. राजा म्हणवेना. झालं म्हणवेना, कारण अजून काहीच झालं नव्हतं. नवऱ्याने पातं लावलं तसं खोंडाचं सगळं अंग ताठलं आणि त्याने असा आवाज काढला की मावशीने कान झाकले.

"चुकले मी," ती त्याच्या कानात म्हणाली. "चुकले रे. चुकले." काम संपेपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली. अंगावर रक्त आलं, पू आला. नवऱ्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली टपकत होता. ते अंग एकदाचं ढिलं पडलं तेव्हा तिला कळेना की ते वेदना थांबली म्हणून पडलं की जीव गेला म्हणून. तिने नाकपुडीपुढे तळहात धरला. श्वास होता.

त्यानंतरचे दिवस त्या खोलीत गेले. सकाळ-संध्याकाळ मीठ घालून कोमट पाण्याने जखम धुवायची, अळ्या एकेक करून काढायच्या, हळद-तेलाची पट्टी ठेवायची. जनावर एका कुशीवर पडून सडू नये म्हणून तिने आणि मावशीने रेटून त्याला कूस बदलायला लावायचं. तिने हातात पेज घेऊन ती त्याच्या गालफडात बोटांनी सोडायची. डॉक्टर आला, त्याने इंजेक्शनं दिली, जखम पाहिली आणि "कापलंय कुणी? चांगलं कापलंय," एवढंच म्हणून गेला. तळ्यावर मुकादमाने त्यांच्या जागी दुसरं जोडपं घेतलं. दूध-तूप राहिलं बाजूला. मावशीने दिलेली भाकरी घाण्याच्या उंबऱ्यावर बसून, हाताचा वास सांभाळत, दोघं खायची. तिथेच एका दुपारी नवऱ्याने स्वतःच्या भाकरीचा मऊ भाग तोडून तिच्या ताटात टाकला. राग गेल्याचं तिला तेव्हा कळलं.

एका सकाळी सासू म्हणाली, "शंभर काल झाले."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. गुरुजींनी पंचांग बघून धरून दिलेला दिवस. त्या दिवशी काय केलं होतं? खोंडाने पहिल्यांदा स्वतःहून उठायची धडपड केली होती, आणि दोघं इतकी थकली होती की घरी आल्याबरोबर जेवून झोपली होती.

"जाऊ दे," नवरा म्हणाला.

"जाऊ दे," ती म्हणाली. मग न्हाणीत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ मारत राहिली.

खोंड पाचव्या आठवड्यात उभा राहिला. आधी मागचे पाय थरथरले, बसला, पुन्हा उठला, आणि घाण्याच्या लाटेला अंग टेकून उभा राहिला. मावशीने बादली पुढे केली. त्याने ती सगळी पिऊन टाकली. तिघंही तो घोट-घोट आवाज ऐकत उभी होती.

"एक सांगते तुला," मावशी चिमटेवालिणीला म्हणाली. "पुन्हा कधी कुणाला नाही म्हणायचं असलं तर खुशाल म्हण. पण कारण खरं सांग. मी थांबले असते गं. दीड महिना घाणा बंद राहिल्याने मी मेले नसते."

ती मान हलवून उभी राहिली. मावशीने बादली उचलली आणि म्हणाली, "उद्या येताना जुनं फडकं आण. माझी संपली."

ऊन तापायला अजून पंधरवडा होता. ज्यांचे खोंड राहिले होते त्यांचे निरोप येऊ लागले. पहिला निरोप आला तेव्हा नवऱ्याने तिला विचारलं, "काय सांगू?" ती म्हणाली, "येतो म्हणून सांगा." आणि दुसऱ्या दिवशी चिमट्याचं ओझं तिने स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

काम संपवून परतताना ती एकटीच गुरुजींकडे गेली. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. गुरुजी ऐकत होते.

"खोंड उठला का?" त्यांनी विचारलं.

"उठला. परवा जोखड ठेवून बघितलं, उभा राहिला शांत."

"छान."

"गुरुजी, मी टोचतं म्हणाले होते ना. चिमटा टोचत नव्हता. लोकांचं बघणं टोचत होतं."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि दोरा पुन्हा कानाभोवती गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तुझे किती दिवस मोडले ते मला मोजता येत नाही. माझी पोथी तिथपर्यंत जात नाही."

"मग आता शंभर पुन्हा?"

त्यांनी पंचांग ओढून घेतलं आणि बराच वेळ पानं चाळली. "परवाचा दिवस चांगला आहे," ते म्हणाले. "पण परवा तुम्ही दमलेले असाल तर तेरवाचाही वाईट नाही."

परवा एकही काम घेतलं नाही. दुपार टळल्यावर दोघांनी अंघोळ केली. सासू "देवळात भजन आहे, उशीर होईल" असं सांगून शेजारणीला घेऊन निघाली. भजन नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. दिवेलागणीला ती दोघं दिव्यासमोर बसली. नवऱ्याला एव्हाना चारी ओळी न अडखळता येत होत्या. त्या म्हणून झाल्या. बाहेर कुणीतरी गुरांना हाका मारत घराकडे चाललं होतं.

ती हात जोडून बसून राहिली. मग त्या ओळींना सोडून स्वतःच्याच बोलीत, हळू पण ऐकू येईल असं बोलू लागली.

"कोण असशील ते ये. आम्ही अशी आहोत बघ. या घरात खोंड बडवायचं काम चालतं, तुझा आजा तेच करायचा. लोक तोंडावर गोड बोलतात, मागे नावं ठेवतात. तुलाही ठेवतील. मी खोटं बोलले एकदा, त्यापायी एका जनावराचे फार हाल झाले. ते सांगून ठेवते, नंतर कुणाकडून कळायला नको. तुझा बाप बरा आहे, फक्त बोलायला वेळ लावतो. इतकं सगळं ऐकून यावंसं वाटलं तर ये."

ती थांबली. नवरा दिव्याकडे बघत होता. त्याने वात थोडी पुढे सरकवली.

"घाई नाही म्हणून सांग," तो म्हणाला.

"सांगितलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "पण थोडी आहे, हेही सांगितलं."